आई कुणाकडे असते?

लग्नाच्या मांडवात, एस.टी.त, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही दोन ओळखीची माणसं भेटली की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो. "आई कुणाकडे असते हल्ली?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते आणि उत्तर देणाराही सरळ उत्तर देतो. थोरल्याकडे असते. सहा महिने पुण्याला, सहा महिने गावी. धाकट्याकडे करमत नाही तिला. मीही हा प्रश्न आजवर शेकडो जणांना विचारला असेल. त्यात काही अडकतंय हे मला कळलं ते माझ्या आईमुळे. घरी आलेल्या एका नातेवाइकांनी तिच्यासमोरच बसून मला विचारलं, आई कुणाकडे असते? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी माझ्याकडे असते."

तेव्हा ती ८१ वर्षांची होती. वडील गेल्यावर नऊ वर्षं तिनं त्याच घरात काढली होती. दूधवाल्याचा हिशेब, घरपट्टी, परसातल्या शेवग्याच्या शेंगा कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, सगळं तीच ठरवायची. आम्ही तिघं भावंडं तिच्याबद्दल बोलायचो तेव्हा मात्र प्रत्येक वाक्यातला कर्ता आम्ही असायचो. आपण तिला नेऊ, आपण तिला ठेवू, आपण तिचं बघू. आमच्या व्याकरणात ती कायम कर्म होती. त्या दिवशी तिनं वाक्यच फिरवलं.

या पुस्तकात ठराव आहेत, कलमं आहेत, जिनिव्हा आणि न्यूयॉर्कमधल्या बैठकांच्या तारखा आहेत. वाचकाला त्या परक्या आणि कोरड्या वाटतील अशी धास्ती मला लिहिताना सतत होती. म्हणून आरंभीच सांगते, या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी माझ्या आईचं ते तीन शब्दांचं वाक्य आहे. ज्येष्ठ माणूस हा कुणीतरी सांभाळायची वस्तू नाही, तो स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे, आणि हे जगातल्या सरकारांनी सही करून मान्य करावं, यासाठी पाऊणशे वर्षं माणसं झगडत आली आहेत. या प्रस्तावनेत मला त्या झगड्याची ओळख करून द्यायची आहे.

तो सुरू झाला अर्जेंटिनात. २८ ऑगस्ट १९४८ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एव्हा पेरोन यांनी वार्धक्याच्या दहा हक्कांची सनद जाहीर केली. मदत, निवारा, अन्न, वस्त्र, शरीराच्या आरोग्याची काळजी, मनाच्या आरोग्याची काळजी, विरंगुळा, काम, निवांतपणा आणि मान, असे ते दहा हक्क. यातले पहिले चार कोणत्याही दानशूर माणसाला सुचतील. पण विरंगुळा हा हक्क? निवांतपणा हा हक्क? आयुष्यभर राबलेल्या माणसाला उरलेले दिवस धास्तीशिवाय काढता यावेत ही गोष्ट कुणाच्या मेहेरबानीवर सोडायची नाही, ती मागता आली पाहिजे, असं तिथं लिहिलं गेलं. पुढच्याच वर्षी हे हक्क अर्जेंटिनाच्या राज्यघटनेत आले. सत्ताबदलानंतर १९५६ मध्ये ती घटनाच रद्द झाली आणि तिच्याबरोबर तेही गेले.

त्याआधी अर्जेंटिनानं ही कल्पना संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेली होती. १९४८ च्या अखेरीस आमसभेचं अधिवेशन पॅरिसमध्ये भरलं होतं. ४ डिसेंबरला आमसभेनं वार्धक्याच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा आर्थिक व सामाजिक परिषदेकडे अभ्यासासाठी पाठवून दिला. सरकारी कचेरीत फाईल 'पुढील कार्यवाहीसाठी' सरकते तेव्हा तिचं काय होतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, त्याच आमसभेनं मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर केला.

या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व माणसं' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं म्हटलं आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात तिथं पुरुषवाचक शब्द होता. तो बदलून घेण्याचं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना जातं. १९३७ पासून मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या या बाईंना ठाऊक होतं की 'सगळे' म्हटल्यानं सगळे येत नाहीत. शब्द तपासावा लागतो. पुढच्याच कलमात भेदभाव कशावरून करायचा नाही याची यादी आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, मतं, राष्ट्रीय वा सामाजिक मूळ, मालमत्ता, जन्म. वय त्यात नाही. 'किंवा अन्य दर्जा' या शेवटच्या शब्दांत ते बसवून घ्यावं लागतं. म्हातारपणाचा उल्लेख येतो तो थेट पंचविसाव्या कलमात, बेकारी, आजारपण, अपंगत्व आणि वैधव्य यांच्या पंगतीला. म्हणजे एक आपत्ती म्हणून. मला या पंगतीविषयी वाईट वाटतं, कारण पुढची सगळी घडण तिनंच ठरवली. आपत्तीत सापडलेल्याला मदत करायची असते. त्याला काय हवं ते कुणी विचारत नाही.

स्त्रियांना १९७९ मध्ये, बालकांना १९८९ मध्ये आणि दिव्यांगांना २००६ मध्ये स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार मिळाले. ज्येष्ठांना मिळाले ते ठराव आणि आराखडे. १९६९ मध्ये माल्टासारख्या चिमुकल्या देशानं वार्धक्याचा विषय आमसभेत पुन्हा काढला, १९८२ मध्ये व्हिएन्नात पहिली जागतिक परिषद झाली, १९९१ मध्ये ज्येष्ठ व्यक्तींसाठीची अठरा तत्त्वं आली, २००२ मध्ये माद्रिदचा कृती आराखडा आला. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस १९९० च्या ठरावानं ठरला आणि १९९९ हे त्यांचं वर्ष झालं. आपल्याकडचं ज्येष्ठांविषयीचं पहिलं राष्ट्रीय धोरणही त्याच वर्षीचं. या कागदांना किंमत नाही असं मी म्हणणार नाही. १९९१ च्या तत्त्वांत स्वावलंबन, सहभाग, देखभाल, आत्मविकास आणि प्रतिष्ठा असा क्रम आहे, आणि देखभालीच्या आधी स्वावलंबन आणि सहभाग घेणारा हात कुणा जाणत्याचाच असणार. पण यांतला कोणताही कागद सरकारला बांधत नाही.

बांधतो म्हणजे काय करतो? दिव्यांगांचं उदाहरण घ्या. त्यांचा करार आमसभेनं डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला. भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्याची अंमलबजावणी करायची म्हणून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला, आणि जुन्या कायद्यातले सात प्रकार एकवीस झाले. आज तालुक्याच्या रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी रांगेत उभ्या असलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला न्यूयॉर्कमधल्या त्या करारानं जागा मिळवून दिली आहे. शिवाय करार मान्य केलेल्या देशाला दर काही वर्षांनी एका समितीपुढे हिशेब द्यावा लागतो, आणि त्याच समितीपुढे त्या देशातल्या संस्था स्वतःचा वेगळा अहवालही ठेवू शकतात. ज्येष्ठांच्या बाबतीत असा हिशेब मागणारं कुणीच नाही.

नुसतं मोजण्याचंच पाहा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांची मुलाखत घेतली जाते. घरातल्या मारहाणीचे प्रश्न त्यातल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले जातात. पन्नाशी ओलांडली की बाईला कुणी मारतं का, हा प्रश्नच संपतो. सर्वेक्षणाचा मूळ हेतू प्रजनन आरोग्याचा, म्हणून ही मर्यादा आली, हे मला समजतं. पण ज्या आकड्यांवर धोरणं उभी राहतात त्यांत सासू नाही, आजी नाही, विधवा आत्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या दर सहा माणसांतलं एक माणूस वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला सामोरं जातं. शिवी, उपेक्षा, पैसे काढून घेणं, हात उगारणं, सगळं त्यात आलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर हा आकडा मी सांगितला तेव्हा कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. एक आजोबा एवढंच म्हणाले, "सांगतंय कोण? सांगून परत त्याच घरी जायचं असतं."

१९६९ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी वयावरून होणाऱ्या भेदाला इंग्रजीत पहिल्यांदा नाव दिलं. मी त्याला 'वयभेद' म्हणते. वर्णभेद हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे, त्याच साच्यातला हा. पुढे बटलर यांनी न्यूयॉर्कमध्ये दीर्घायुष्याचा अभ्यास करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. त्याच साखळीतलं भारतातलं केंद्र पुण्यात आहे, डॉ. शरच्चंद्र गोखले यांनी उभं केलेलं. नाव मिळालं की गोष्ट दिसू लागते. आईला डॉक्टरांकडे नेलं की ते माझ्याकडे बघून विचारत, "यांना जेवण जातं का? झोप लागते का?" ती समोर बसलेली असे, तिला ऐकू येत असे, पाढे येत होते, इस्पितळाचं बिल तीच तपासून घेत असे. आणि शेवटी, "आता वय झालं, चालायचंच." हे 'वय झालं' फार मोठं कुलूप आहे. त्यानं तपासणी थांबते, उपचार थांबतात, प्रश्न विचारणंसुद्धा थांबतं.

म्हणून एका लहानशा वाटणाऱ्या लढाईला मी या पुस्तकात अख्खं प्रकरण दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'म्हातारपण' अशी एक नोंद आली होती. उद्या एखाद्याच्या मृत्यूचं कारण म्हणून कागदावर निव्वळ 'म्हातारपण' लिहून मोकळं होता आलं असतं. जगभरच्या ज्येष्ठांच्या संघटना आणि डॉक्टर याविरुद्ध उभे राहिले. वर्गीकरण जानेवारी २०२२ मध्ये लागू होण्याच्या सुमारास तो शब्द काढण्यात आला आणि त्या जागी क्षमतेच्या घटीविषयीची वेगळी शब्दरचना आली. एक शब्द गेला, एवढंच. पण शब्द किती पुरतो ते हंसाबेनना विचारावं.

आता घरची गोष्ट. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत असं दरवर्षी लिहून द्यायचं. वडिलांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आई तालुक्याच्या गावी एका बँकेत जायची. एका वर्षी तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. साठ वर्षं भांडी, धुणी, चूल आणि विळी केलेल्या हाताच्या रेषा झिजल्या होत्या. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं, दहाही बोटं झाली. यंत्र दर वेळी तेच सांगे. खिडकीमागची मुलगी चांगली होती. तिलाही वाईट वाटत होतं. पण यंत्रापुढे तिचंही चालेना. दोन महिने पैसे आले नाहीत. आई खिडकीपुढे उभी होती, सगळ्यांना दिसत होती, आणि ती असल्याचा पुरावा नव्हता. मी चिडले, भांडले. ती रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तू भांडलीस म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. जिला तू नाही तिनं काय करायचं?"

या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. तिला मुलगा असेल ना! आपल्या राज्यात निराधार ज्येष्ठांना निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेचं नाव श्रावणबाळ. श्रावणाची गोष्ट ऐकत आपण वाढलो. कावड, काशीयात्रा, नदीकाठी पाणी भरणारा मुलगा, दशरथाचा बाण. ती ऐकताना आजही माझ्या घशाशी आवंढा येतो. पण त्याच्या आईवडिलांची नावं किती जणांना सांगता येतील? ज्यांच्यासाठी सगळी कथा घडते त्यांना आपण नावानं ओळखत नाही. कथेत निदान यात्रेला जायची इच्छा त्यांची होती. कावडीला दिशा त्यांनी दिली होती. आपण कावड लक्षात ठेवली आणि ती इच्छा विसरलो. योजना ज्येष्ठांची, पैसा सरकारचा, आणि नाव मुलाचं.

या योजनेत राज्य सरकारच्या भरीमुळे आता महिन्याला १५०० रुपये मिळतात. केंद्राच्या योजनेतला वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना २०० रुपये आहे, आणि दीड दशकाहून अधिक काळ तो हललेला नाही. २०० रुपयांत गॅसची निम्मी टाकीसुद्धा येत नाही. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा हा देखील कुटुंबाकडेच बोट दाखवतो. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा आणि मुलांकडून महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह मिळवायचा. सांभाळ करण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मिळतं. या एका कलमानं कित्येक आजी-आजोबांचं छप्पर वाचवलं आहे, आणि त्याबद्दल मी या कायद्याची ऋणी आहे. पण जिला मूल नाही, वारसदार नातेवाईकही नाही, जिची मुलं स्वतःच रोजंदारीवर आहेत, जिला पोराविरुद्ध अर्ज करणं मरणाहून जड वाटतं, तिचा हक्क कुणाविरुद्ध? १३ डिसेंबर २०१८ च्या अश्वनी कुमार खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ज्येष्ठांचे हक्क घटनेनं मान्य केलेले आहेत असं बजावलं आणि निवृत्तिवेतनाच्या रकमांचा वास्तवाला धरून फेरविचार करायला सांगितलं. घटनेच्या एक्केचाळिसाव्या कलमात वार्धक्यातलं सार्वजनिक साहाय्य आहेच, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे पुन्हा एक चांगला कागद, जो बांधत नाही.

बांधणारे कागद लिहिता येतात हे दोन खंडांनी दाखवून दिलं आहे. अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेनं १५ जून २०१५ रोजी ज्येष्ठांच्या मानवी हक्कांचा करार स्वीकारला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो लागू झाला. कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे ज्येष्ठानं ठरवायचं, उपचाराला त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, वेदनाशमनाची सोय हा त्याचा हक्क आहे, हे त्यात लिहिलेलं आहे. आफ्रिकी संघाचा करार २०१६ चा. पुरेशा देशांची मान्यता मिळून तो ४ नोव्हेंबर २०२४ रोजी लागू झाला. तो वाचताना मला आपल्या मातीचा वास आला. आईबाप एड्सनं गेल्यावर नातवंडं वाढवणाऱ्या आज्यांसाठी त्यात तरतूद आहे. चेटकीण ठरवून म्हाताऱ्या बायकांना मारण्याविरुद्ध त्यात थेट शब्द आहेत. टांझानियाच्या सुकुमा भागात अशा हत्या होत आल्या आहेत, आणि आपल्या सातपुड्यात 'डाकीण' म्हणून कुणाला गावाबाहेर काढतात? बहुधा एकटी राहणारी, जमिनीचा तुकडा नावावर असलेली वयस्क बाई. आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मागे अशा बायकांचाही आक्रोश आहे.

साऱ्या जगासाठी एकच करार मात्र अडकून राहिला. २१ डिसेंबर २०१० रोजी आमसभेनं वार्धक्याविषयी एक खुला कार्यगट नेमला. त्याच्या चौदा बैठका झाल्या, चौदा वर्षं. बहुतेक काळ एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली, की नवा करार हवा की आहेत तेच नीट राबवायचे. श्रीमंत देशांतले अनेक जण म्हणत, मानवी हक्क सगळ्यांना आहेत, त्यात ज्येष्ठ आले. आणखी एका समितीचा खर्च कशाला? हा मुद्दा अप्रामाणिक नाही. मीही काही काळ त्या बाजूला झुकले होते. नंतर वाटलं, 'सर्वांत' सगळे आपोआप आले असते तर हंसाबेनना शब्द बदलावा लागला नसता. डिसेंबर २०१२ मध्ये कार्यगटानं कराराच्या दिशेनं काम करावं असा ठराव आमसभेत आला तेव्हा ५४ देशांनी बाजूनं मत दिलं, पाच देशांनी विरुद्ध, आणि ११८ देश तटस्थ राहिले. या ११८ आकड्याकडे मी पुष्कळदा बघत बसते. विरोध समजतो. पण जगातल्या इतक्या सरकारांना आपल्या म्हाताऱ्या माणसांविषयी हो किंवा नाही, काहीच म्हणावंसं वाटलं नाही.

त्या तटस्थपणाला तडा गेला तो माणसांमुळे. २०११ मध्ये नऊ संस्थांनी मिळून ज्येष्ठांच्या हक्कांसाठी एक जागतिक आघाडी उभी केली. आज तिच्यात चारशेहून अधिक संस्था आहेत. भारतातली हेल्पेज ही ज्येष्ठांसाठीची संस्था १९७८ पासून काम करते आहे, आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हेल्पेजच्या पाच संस्थापकांत ती होती. हेल्पेजच्या जाळ्यानं देशोदेशी वस्त्यांमध्ये, गावांमध्ये ज्येष्ठांना एकत्र बसवून विचारलं, तुमच्याशी भेदभाव कुठं होतो, तुमचे निर्णय कोण घेतं. ती उत्तरं कार्यगटापुढे ठेवली गेली. २०१४ मध्ये चिलीच्या रोसा कोर्नफेल्ड-माट्टे या मानवी हक्क परिषदेच्या ज्येष्ठांविषयीच्या पहिल्या स्वतंत्र तज्ज्ञ झाल्या आणि २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या क्लाउडिया माहलर यांनी ते काम हाती घेतलं. मग करोना आला. वृद्धाश्रमांची दारं बाहेरून बंद झाली आणि कित्येक ठिकाणी खाटा कमी पडल्यावर आधी कुणाला वाचवायचं हे वय पाहून ठरलं. कायद्यातली पोकळी आता कुणालाच नाकारता येईना.

मे २०२४ मध्ये कार्यगटानं सर्वांच्या संमतीनं मान्य केलं की ज्येष्ठांच्या संरक्षणात उणिवा आहेत. ऑगस्टमध्ये आमसभेनं ते स्वीकारून कार्यगटाचं काम संपवलं. आणि ३ एप्रिल २०२५ रोजी जिनिव्हात मानवी हक्क परिषदेनं, मतदान घ्यावं न लागता, बंधनकारक कराराचा मसुदा तयार करण्यासाठी सरकारांचा नवा गट नेमायचं ठरवलं. ठराव मांडणाऱ्या पाच देशांत ब्राझील, गांबिया, फिलिपीन्स आणि स्लोव्हेनिया होते. पाचवा अर्जेंटिना. पॅरिसमध्ये बाजूला सरकवलेली फाईल ७६ वर्षांनी पुन्हा टेबलावर आली. ही बातमी मी वाचली तेव्हा आई नव्हती. तिला सांगता आली असती तर तिनं आधी विचारलं असतं, त्यात अंगठ्याचं आहे का?

एक प्रसंग इथं राहू नये. स्वित्झर्लंडमधल्या चौसष्ट वर्षांपुढच्या दोन हजारांहून अधिक बायकांच्या संघटनेनं आपल्याच सरकारवर खटला भरला. उष्णतेच्या लाटांत म्हाताऱ्या बायका जास्त मरतात आणि सरकार हवामान बदलाबाबत पुरेसं करत नाही, असं त्यांचं म्हणणं. ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्या पिढ्यांच्या कामी येणारा हा निकाल या आज्यांनी मिळवून आणला. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्या म्हातारीचं दुःखही त्यांच्या दाव्यात मावतं.

भाषेविषयी थोडं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कागदांत 'अधिक वयाच्या व्यक्ती' या अर्थाचा इंग्रजी शब्द जाणीवपूर्वक स्वीकारलेला आहे. स्पॅनिशमध्ये त्यासाठी जो शब्दप्रयोग आहे त्याचा सरळ अर्थ 'मोठी माणसं' असा होतो, अगदी आपण 'मोठ्यांना विचार' म्हणताना वापरतो तसा. मी 'ज्येष्ठ' वापरला आहे, कारण आमच्या संघांनी तो स्वतःसाठी निवडला आहे. 'म्हातारा', 'म्हातारी' मी टाळलेले नाहीत; ते घरचे शब्द आहेत आणि त्यांत मायाही असते. 'सांभाळणे' या क्रियापदावर मात्र आमचं खूप भांडण झालं. काही जणांना तो शब्द पुस्तकातून काढायचाच होता. एका आजींनी सांगितलं, काढू नका, पण त्याचा खरा अर्थ लिहा. आपण तोल सांभाळतो, जीभ सांभाळतो, म्हणजे काळजीनं वागतो, काही कुलपात ठेवत नाही. तो शब्द पुस्तकात राहिला तो त्यांच्यामुळे.

या पुस्तकाचा कच्चा खर्डा तीन संघांत मोठ्यानं वाचला गेला. त्यांच्याच सांगण्यावरून अक्षर मोठं ठेवलं आहे आणि प्रकरणं लहान, म्हणजे दुपारच्या एका बैठकीत एक संपावं. नव्या कराराची कलमं अजून लिहून व्हायची आहेत. म्हणून प्रत्येक वाचनाच्या शेवटी मी विचारायची, तुम्हाला एकच कलम घालायला सांगितलं तर कुठलं घालाल? मिळालेली उत्तरं परिशिष्टात आहेत, ज्याच्या त्याच्या शब्दांत. कुणी औषधांचं सांगितलं, कुणी एस.टी.च्या उंच पायरीचं, कुणी स्वतःचं पासबुक स्वतःच्या कपाटात असण्याचं. एक आजी शेवटपर्यंत गप्प होत्या. सगळे उठल्यावर जवळ आल्या, माझ्या वहीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, लिही, माझ्या खोलीच्या दाराला कडी आतून पाहिजे.